दिवसाचा सौदा, रात्रीचा दोष : जुन्या वस्तूच्या विक्रीतील एक धर्मप्रश्न

विकायच्या वस्तूतील दोष सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर कितपत असते, हा प्रश्न स्मृतिकारांनी, जैन आचार्यांनी, मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांनी आणि ग्रीक-रोमन तत्त्वचिंतकांनी आपापल्या परीने हाताळला आहे. मात्र या सर्वांची उदाहरणे धान्य, जनावर, वस्त्र, रत्न किंवा घर यांवरून घेतलेली आहेत, आणि अशा वस्तूंचे पारखी गावोगाव असल्यामुळे तेथील खरेदीदार अगदीच निराधार नसे. ज्या व्यवहारात पारखी नाही, दुकान नाही, पावती नाही आणि विकणारा व घेणारा पुन्हा कधी भेटण्याची शक्यताही नाही, अशा व्यवहारात तोच प्रश्न अधिक उघडा पडतो. मोटारसायकलवरून उतरवलेली जुनी विंडशील्ड विकणे हा अशाच प्रकारचा व्यवहार आहे. रक्कम किरकोळ, वस्तू साधी, आणि तरीही विक्रेत्याचे मौन म्हणजे नेमके कोणते पाप, असत्य की चोरी, हा प्रश्न त्यात पुरेपूर सामावलेला आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात पक्के रुजलेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली मोडतात. या दोन भागांना जोडणारा राजूर घाट मोताळ्याच्या बाजूने चढतो, तर बोथा घाटाचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगावकडे उतरतो. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असला तरी त्यावर दुचाकीला मज्जाव असल्याने मोटारसायकलस्वाराच्या वाट्याला हेच जुने रस्ते येतात, आणि हिवाळ्यातील पहाटेचा गार वारा, उन्हाळ्यातील धूळ व जंगलातून जाताना सायंकाळी तोंडावर आदळणारे किडे यांपासून बचाव म्हणून हँडलच्या पुढे पारदर्शक पडदा बसवून घेण्याची गरज भासते. गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेला नसून अन्य उत्पादकाने तयार केलेला आणि सुट्या भागांच्या दुकानातून घेतलेला असा पडदा आफ्टरमार्केट या नावाने ओळखला जातो. ग्राहक त्याला ‘बाहेरचा’ म्हणतो, आणि गॅरेजात त्याला सर्रास ‘काच’ म्हटले जाते, जरी त्यात काचेचा अंशही नसतो.

तो पडदा बहुधा पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक या दोहोंपैकी एका प्लास्टिकचा असतो, आणि या दोहोंचे स्वभाव परस्परविरोधी आहेत. पॉलिकार्बोनेट आघात सोसते, सहसा फुटत नाही. पण त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने वरचे कठीण लेपन झिजले की कोरड्या फडक्याने धूळ पुसतानाही त्यावर बारीक चरे उमटतात, आणि संरक्षक थर नसेल तर उन्हातील अतिनील किरणांनी ते कालांतराने पिवळे पडते. ॲक्रिलिक उन्हाला आणि चऱ्यांना तुलनेने दाद देत नाही, पण ते ठिसूळ असल्याने आघातासरशी धारदार तुकडे होऊन फुटते. शिवाय पॉलिकार्बोनेटला पेट्रोल आणि अमोनियायुक्त काच-सफाईचे द्रव मानवत नाहीत. तेलाचा डाग काढण्यासाठी पेट्रोलचा बोळा फिरवणे ही गॅरेजातील नित्याची गोष्ट. पण त्या स्पर्शाने ताणाखाली असलेल्या भागात, विशेषतः बोल्टच्या भोकांभोवती, सूक्ष्म भेगांचे जाळे उमटते. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला असेल, तर हाच परिणाम पेट्रोलशिवायही होतो. ही भेग रबरी वायसरच्या खाली दडलेली असते आणि विंडशील्ड गाडीवर बसवलेली असेपर्यंत बाहेरून दिसत नाही; उतरवताना ती विक्रेत्याला दिसते, पुन्हा बसवताना खरेदीदाराला दिसेल किंवा दिसणारही नाही.

धर्मशास्त्रातील नियम या वस्तूला लावून पाहण्यापूर्वी तिच्यातील दोषांचे स्वरूप नीट ओळखणे आवश्यक आहे, कारण दोष दिसतो किंवा दिसत नाही या नेहमीच्या विभागणीत ते पूर्णपणे बसत नाहीत. पिवळेपणा आणि ठळक चरे दिसतात. वायसरखालची भेग दिसत नाही. पण या दोन्हींच्या मधला एक दोष असा आहे की तो डोळ्यांसमोर असतो आणि तरीही कळत नाही. वर्षानुवर्षांच्या पुसण्याने पडलेले केसासारखे बारीक चरे दिवसाच्या उजेडात नगण्य वाटतात, किंबहुना घेणारा त्यांकडे पाहून समाधानाने मान डोलावतो. मात्र रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचा झोत त्या चऱ्यांवर पडला की प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, सबंध पडदा पांढुरका होतो आणि त्यापलीकडचा रस्ता क्षणभर नाहीसा होतो. बाजार दिवसा भरतो, सौदा दिवसा होतो, आणि दोष रात्रीचा असतो. वापरणाऱ्याने तो शेकडो रात्री अनुभवलेला असतो, तर घेणाऱ्याजवळ त्याचा अंदाज बांधण्याचे कोणतेही साधन नसते.

यातही आणखी एक गुंतागुंत आहे. विंडशील्ड योग्य उंचीची असेल तर स्वाराची नजर तिच्या वरच्या कडेवरून जाते, तिच्या आरपार जात नाही. त्यामुळे उंच विक्रेत्याला तिच्यावरील चऱ्यांचा रात्री काहीच त्रास झालेला नसेल, आणि तीच विंडशील्ड बेताच्या उंचीच्या खरेदीदाराच्या गाडीवर चढली की त्याची नजर नेमकी त्या चऱ्यांतूनच जाईल. म्हणजे येथे दोष केवळ वस्तूत राहत नाही, वस्तू आणि वापरणारा यांच्या संबंधात राहतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर तो वस्तूचा गुण नसून दोन पदार्थांमधील संबंधावर अवलंबून असलेला धर्म ठरतो. अशा दोषाबाबत विक्रेता प्रामाणिकपणे म्हणू शकतो की आपल्याला काही अडचण आली नाही, आणि हे विधान खरे असूनही खरेदीदाराची फसगत करू शकते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात विक्रीविषयक जे नियम आहेत त्यांत एका वस्तूत दुसरी मिसळून विकणे, निःसत्त्व किंवा मापाने कमी असलेली वस्तू विकणे, आणि वस्तू दूर ठेवून किंवा झाकून विकणे यांना मनाई आहे. याच अध्यायात खरेदी वा विक्री केल्यावर पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत व्यवहार परत फिरवण्याची मुभा दिलेली आहे. नारदस्मृतीने या विषयाला ‘क्रीतानुशय’, म्हणजे विकत घेतल्यानंतर वाटणारा पश्चात्ताप, असे नाव देऊन स्वतंत्र व्यवहारपद, म्हणजे दाव्याचा विषय, मानले आणि पारख करण्याच्या मुदती वस्तूच्या स्वभावानुसार ठरवल्या: दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा, आणि लोखंड व वस्त्र यांना एक. या मुदतींमागील विचार सूक्ष्म आहे. प्रत्येक वस्तू आपला दोष उघड करायला जितका काळ घेते तितका काळ खरेदीदाराला मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्यात गृहीत आहे. गाईचे दूध एका धारेवरून कळत नाही, आणि बियाण्याचा कस तर ते रुजल्याखेरीज कळत नाही. लोखंडाला दिलेल्या एका दिवसात एक रात्र अंतर्भूत असते, ही गोष्ट प्रस्तुत प्रकरणी मोलाची ठरते, कारण विंडशील्डला पारखीसाठी नेमकी तेवढीच, म्हणजे अंधारातील एका फेरीची, गरज असते.

नारदांनी वापरलेल्या वस्तूंचा विचार केलेला आहे, ही बाब अभ्यासकांकडूनही अनेकदा दुर्लक्षित राहते. वापरून विरलेले आणि मळलेले वस्त्र त्याच अवस्थेत विकत घेतले असेल तर ते दोषयुक्त असले तरी विक्रेत्याकडे परत करता येत नाही, असा त्यांचा निर्णय आहे. आणि त्याला लागूनच वस्त्राच्या घसाऱ्याचे कोष्टकही दिलेले आहे, ज्यानुसार पहिल्या धुण्यात किमतीचा आठवा भाग, दुसऱ्यात चौथा, तिसऱ्यात तिसरा आणि चौथ्यात निम्मा भाग कमी होतो. जुन्या वस्तूची न्याय्य किंमत ही घासाघिशीवर सोडून न देता वापराच्या मोजमापाशी बांधण्याचा हा प्रयत्न प्राचीन भारतीय विधिविचारातील एक लक्षणीय टप्पा म्हटला पाहिजे. आजच्या बाजारात कंपनीच्या भागाला छापील किमतीचा आधार तरी असतो. बाहेरच्या विंडशील्डला तोही नसल्याने तिचा जुना भाव केवळ दोघांच्या बोलण्यावर ठरतो, आणि म्हणून नारदांचे कोष्टक इथे अधिकच हवेसे वाटते. परंतु मळलेल्या वस्त्राचा नियम विंडशील्डला सरसकट लावता येणार नाही. वस्त्राचा मळ जो पाहतो त्याला तो कळतो. रात्रीच्या झोतात काय होईल हे चरे पाहून कळत नाही. नारदांचा नियम दिसण्यावर नव्हे तर कळण्यावर आधारलेला आहे असा अर्थ लावला तरच तो येथे न्याय्य राहतो, आणि स्मृतीच्या हेतूशी तोच अर्थ अधिक सुसंगत आहे, कारण निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याला दुप्पट किंमत आणि तितकाच दंड सांगणारे नारद दाखवणे आणि देणे यांतील अंतराबद्दल अतिशय कठोर आहेत.

तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस याने हाच प्रश्न घोड्याच्या उदाहरणाने सोडवला. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि ते दिसत असेल, तर विक्रेत्याने त्या मानाने किंमत कमी केली म्हणजे पुरे, तोंडाने सांगण्याची गरज नाही. मात्र दोष लपलेला आणि घातक असेल, तर तो सांगितलाच पाहिजे, अन्यथा विक्री अधर्म्य ठरते. अक्वायनसची ही विभागणी व्यवहार्य आहे, पण तिचा आधारही दिसण्यावरच आहे. याहून एक पाऊल पुढे असलेली कल्पना इस्लामी परंपरेत आढळते. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातील एका कथेनुसार प्रेषित मुहम्मद यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, आणि पावसाने भिजल्याचे कारण मालकाने सांगितल्यावर त्यांनी विचारले की मग ती ओल लोकांना दिसेल अशी वर का ठेवली नाही. या कथेत राशीचा मालक खोटे बोललेला नाही, त्याने काही मिसळलेले नाही, त्याने फक्त रास जशी पडली तशी राहू दिली. आणि तरीही त्याच्यावर दोष आला, कारण आतली ओल वर आणणे हे त्याचे काम होते. विंडशील्डच्या संदर्भात याचा अर्थ स्पष्ट आहे: रबरी वायसर काढून भेगेची बाजू घेणाऱ्याकडे करणे आणि शक्य असल्यास सौदा अंधार पडल्यावर करणे, या गोष्टी विक्रेत्याच्या औदार्याचा भाग नव्हेत.

याउलट बाजूचा युक्तिवाद प्राचीन काळी बॅबिलोनचा डायोजेनीस या स्टोइक तत्त्वज्ञाने मांडला आणि सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो नोंदवून ठेवला. न सांगणे आणि लपवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, खरेदीदारावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि विक्रेत्याने आपल्याच मालाची निंदा करत फिरावे अशी अपेक्षा हास्यास्पद आहे, असे डायोजेनीसचे म्हणणे होते. त्याचा शिष्य अँटिपेटर याने याला विरोध केला आणि म्हटले की जाणूनबुजून माणसाला चुकू देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही वाईट आहे; सिसेरोने अखेर अँटिपेटरचा पक्ष घेतला. विशेष म्हणजे आधुनिक भारतीय कायदा या वादात बराचसा डायोजेनीसच्या बाजूला उभा आहे. १८७२च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमानुसार केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, आणि त्यासाठी कायद्यात दिलेले उदाहरणही घोड्याचेच आहे: लिलावात आजारी घोडा विकणारा गप्प राहिला तर ते कपट ठरत नाही; मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर सांगणे हे त्याचे कर्तव्य बनते. १९३०चा वस्तुविक्री कायदाही खरेदीदाराने स्वतः सावध राहावे हेच सर्वसाधारण तत्त्व मानून त्याला ठरावीक अपवाद जोडतो, आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा मुख्यतः व्यापार करणाऱ्यावर लागू होत असल्याने घरची जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्यापर्यंत तो सहसा पोचत नाही. अनोळखी माणूस आणि स्वतःची मुलगी यांत कायदा करतो तो भेद धर्माने करावा का, हाच येथील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर जैन आचारशास्त्रात सापडते, आणि ते उत्तर प्रश्नाची जागाच बदलून टाकते. विक्रीतील फसवणूक हा सत्यव्रताचा भंग आहे असे सामान्यतः मानले जाते, आणि म्हणूनच ‘आपण खोटे कुठे बोललो?’ असा बचाव सहज पुढे येतो. परंतु उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्यापारातील दोषांची नोंद सत्याच्या नव्हे, तर अस्तेयाच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या अणुव्रताखाली केलेली आहे. अणुव्रत म्हणजे गृहस्थाने पाळावयाचे मर्यादित व्रत, आणि अतिचार म्हणजे ते व्रत पुरते न मोडता त्याला लागणारा डाग. अस्तेयाच्या पाच अतिचारांत चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे आणि राज्याचे नियम डावलून व्यापार करणे यांच्या बरोबरीने मापात कमी-जास्त करणे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल भासणारी नक्कल अस्सल म्हणून खपवणे, यांचा समावेश आहे. हा शेवटचा अतिचार बाहेरच्या सुट्या भागांच्या बाजाराला विलक्षण लागू पडतो. बाहेरची विंडशील्ड बाहेरची म्हणून विकणे यात प्रतिरूपक काहीच नाही, कित्येकदा ती कंपनीच्या विंडशील्डपेक्षा टिकाऊही असते. पण ‘कंपनीची आहे, ओरिजनल आहे’ असे सांगून किंवा कंपनीचे चिन्ह चिकटवून विकली की तीच वस्तू, तिच्यात काडीचाही बदल न होता, चोरीचे साधन बनते.

चोरीची व्याख्या जैन आणि बौद्ध या दोन्ही परंपरांत ‘न दिलेले घेणे’ अशी आहे, आणि १९५६नंतर बौद्ध धम्माचा स्वीकार केलेल्या समाजाच्या विहारांतून, बुलढाणा जिल्ह्यातही, म्हटल्या जाणाऱ्या पंचशीलातील दुसरे शील नेमके याच गोष्टीपासून दूर राहण्याचे आहे. आता खरेदीदाराने मोजलेले पैसे ‘दिलेले’ आहेत का, हा प्रश्न विचारून पाहावा. त्याने पैसे हातावर ठेवले, हे खरे; पण ते त्याच्या मनातील वस्तूसाठी ठेवले, आणि ती वस्तू व हातात आलेली वस्तू यांत जितके अंतर आहे तितके पैसे त्याने या वस्तूसाठी दिलेलेच नाहीत. विक्रेत्याला ते अंतर ठाऊक असेल तर तेवढी रक्कम तो न दिलेली असूनही घेतो. या मांडणीत तो खोटे बोलला की गप्प राहिला याला महत्त्व उरत नाही, कारण चोरीला बोलावेच लागते असे नाही. डायोजेनीसचा संपूर्ण युक्तिवाद मौन आणि असत्य यांतील फरकावर उभा होता. प्रश्न अस्तेयाचा मानला की त्याचा पायाच निघून जातो. अनोळखी आणि आपला हा भेदही येथे टिकत नाही, कारण न दिलेले घेणे हे परक्याचे असले म्हणून क्षम्य ठरत नाही.

अर्थात या मांडणीला एक सबळ आक्षेप आहे आणि तो व्यवहारातून येतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले, आणि ज्या कामासाठी २००१मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला, त्याचा निष्कर्ष असा की वस्तूचा दर्जा फक्त विक्रेत्याला माहीत असेल, तर खरेदीदार प्रत्येक वस्तू वाईट असू शकते असे धरूनच भाव करतो, परिणामी चांगली वस्तू असलेल्याला योग्य किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. यावरून असा तर्क निघतो की खरेदीदाराने संशयापोटी किंमत आधीच पाडलेली असताना दोष सांगणारा विक्रेता दोनदा भुर्दंड भरतो. मग त्याने घेतलेले पैसे ‘न दिलेले’ कसे म्हणावे? हा तर्क अंशतः मान्य करावा लागतो. घेणाऱ्याने सर्वसाधारण झीज धरूनच भाव केला असेल, तर त्या झिजेपुरते मौन चोरी ठरत नाही. पण वायसरखालची भेग सर्वसाधारण झिजेत मोडत नाही, आणि रात्रीचा विखुरणारा प्रकाश घेणाऱ्याच्या कल्पनेतच नसल्याने तो त्याच्या संशयातही धरलेला नसतो.

महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधाराचे आख्यान या चर्चेत नेहमी पुढे येते. डोक्यावरील जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले तरी न हललेल्या जाजली नावाच्या तपस्व्याला धर्म शिकण्यासाठी वाराणसीतील एका व्यापाऱ्याकडे पाठवले जाते, आणि आपला तराजू सर्व भूतांविषयी सम आहे व आपण कपट न करता खरेदी-विक्री करतो, असे तो व्यापारी त्याला सांगतो. हे आख्यान थोर आहे. तरीही जुन्या वस्तूच्या एकवेळच्या विक्रीला ते पुरेसे पडत नाही, असे म्हणावे लागते. तुलाधार पेठेत बसलेला, रोजचा, ओळखीचा व्यापारी आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा त्याची पतही वाढवतो. इमॅन्युएल कांटने १७८५च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात अजाण गिऱ्हाइकालाही रास्त भाव लावणाऱ्या दुकानदाराचे उदाहरण देऊन हेच दाखवले होते, की तो हे कर्तव्य म्हणून करतो की धंद्याच्या हितासाठी, हे बाहेरून सांगता येत नाही. खामगावची चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली असून त्या नावामुळेच शहराला रजतनगरी म्हणतात. तेथील सराफाला भेसळ न करण्यात धर्म आणि नफा दोन्ही सापडतात, आणि ते वेगळे करून पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. जेथे पत पुरी पडत नव्हती तेथे कायदा आला: वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७मध्ये झालेला कायदा हा भारतातील नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांचा आरंभ मानला जातो, आणि अडते, मापारी यांच्यावर त्याने नियम घातले. जुनी विंडशील्ड विकणाऱ्याजवळ मात्र सांभाळायला पत नाही आणि त्याच्यावर बाजार समितीही नाही. कांटच्या दुकानदाराबाबत जे सांगता येत नव्हते ते येथे सांगता येते. या माणसाने दोष सांगितला तर त्यामागे नफ्याचा हेतू शोधूनही सापडणार नाही. वऱ्हाडाच्या बैलबाजारातील जुने शेतकरी बैलाची खोड सांगून सौदा करणाऱ्याला मान देत आणि हेड्याच्या, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याच्या, शब्दावर विसंबत नसत, यामागेही हाच अनुभव होता.

‘जशी आहे तशी’ या अटीवर विकणे हा विक्रेत्यांचा आवडता मार्ग आहे, आणि त्याला शास्त्राधारही नाही असे नाही. भारतातील बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी पंथाचे आहेत त्या पंथाच्या विधिवेत्त्यांनी सर्व दोषांची जबाबदारी नाकारून केलेली विक्री वैध मानलेली आहे. दोन सज्ञान माणसांनी डोळे उघडे ठेवून पत्करलेली जोखीम म्हणून हे समजण्यासारखे आहे. परंतु वस्त्र विरले तर नेसणाऱ्याचे नुकसान होते, तर राजूर घाटाच्या वळणावर विंडशील्ड सुटली किंवा समोरचे दिसेनासे झाले तर मागे बसलेल्या माणसाचे आणि समोरून येणाऱ्याचेही होते, आणि त्यांनी कोणतीही अट मान्य केलेली नसते. म्हणून किंमत कमी करून दोषाची भरपाई करता येते हे अक्वायनसचे तत्त्व झिजेला लागू पडते, भेगेला नाही. घातक दोष स्वस्तात विकला तरी तो घातकच राहतो, उलट स्वस्ताईमुळे तो अधिक गरजू आणि कमी माहितगार हातात जाण्याचा संभव वाढतो.

भेगाळलेली विंडशील्ड दोष सांगून विकावी की विकूच नये, हा उरलेला प्रश्न जैन विचारातील आणखी एका भेदाने सुटतो. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेले मान्य केलेले, असे कर्माचे तीन प्रकार त्यात मानले आहेत. जुन्या मालाचा फेरविक्रेता ती भेग झाकून पुढे विकणार हे ठाऊक असताना त्याला खरे सांगून विकली, तर पहिल्या विक्रेत्याचे स्वतःचे बोलणे निर्दोष राहील, पण पुढच्या चोरीत त्याचा वाटा कारिताच्या किंवा निदान अनुमोदिताच्या रूपाने शिल्लक राहीलच. भंगारात दिल्यानेही तो आपोआप सुटत नाही, कारण भंगाराच्या ढिगातून धड दिसणारी वस्तू बाजूला काढून पुन्हा बाजारात आणली जाणे ही सर्वपरिचित गोष्ट आहे. अशा वेळी ती करवतीने कापून किंवा भोकांपाशी मोडून मगच भंगारात देणे हा मार्ग उरतो. भंगारवाला प्लास्टिक वजनावर घेत असल्याने अखंड पडदा आणि त्याचे तुकडे यांना त्याच्याकडे एकच भाव मिळतो, आणि क्लॅम्प, ब्रॅकेट व बोल्ट शाबूत असतील तर ते वेगळे काढून, कोणत्या गाडीला बसतात हे सांगून, विकायला कोणत्याच शास्त्राची हरकत नाही.